पोटभर जेवा

डॉक्टर अस्मिता फणसळकरचा हात हलका आहे, हे शारजातल्या त्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून मेडिकल डायरेक्टरपर्यंत सगळे मानत. घशातून दुर्बीण उतरवायची ती अशी, की पेशंटला ठसकासुद्धा लागू नये. पुण्यात शिकलेली, पोटाच्या विकारांची तज्ज्ञ. इथं येऊन नऊ वर्षं झाली होती. अल मजाजला घर, तिथून हॉस्पिटल दहा मिनिटांवर. ज्या गावात नवऱ्याचे रोज दुबईला जाण्यायेण्यात तीन तास जात, तिथं ही चैनच होती. आपलं काम आपल्याला येतं, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी यूनुस हमदुले तिच्यासमोर येऊन बसले. सोबत भाचा अर्श. अर्श शारजातच एका शिपिंग कंपनीत होता. यूनुस मात्र अल क्वोजमधल्या एका गोदामात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर, आणि राहायला कंपनीच्या खोलीत. अंगातला शर्ट चांगला होता, इस्त्रीचा होता, पण त्याच्या आत माणूस कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

नाव वाचून अस्मितानं मराठीतच विचारलं, "कुठले तुम्ही?"

"रत्नागिरी. जयगडच्या खाडीकडचे," यूनुस म्हणाले, आणि मराठी ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"त्रास काय होतो?"

"घास अडकतो, डॉक्टर. आधी भाकरी अडकायला लागली. मग भात. मग खुब्ज, इथली रोटी, चहात भिजवून खायचो. आता दीड महिना झाला, चहा आणि लबान, म्हणजे इथलं ताक, एवढंच खाली उतरतं."

"दीड महिना! आणि कुणाला बोलला नाहीत?"

उत्तर अर्शनं दिलं. "मामू सांगतात कुठे, मॅडम? त्यांच्या रूममेटनं फोन केला म्हणून कळलं. बोलला, हा माणूस गोदामात जिना चढताना खाली बसला."

यूनुस खाली बघत म्हणाले, "कॅन्सर निघेल म्हणून भ्यायलो. ऑक्टोबरला कायमचं घरी जायचं ठरवलंय. म्हटलं, तोवर ढकलावं."

नर्सनं वजन केलं. एक्केचाळीस किलो. उंची मात्र चांगली पाच फूट आठ इंच. अस्मितानं तो आकडा वाचला आणि तिच्या मनात एकच शब्द आला : कॅन्सर. वजन इतकं उतरलंय म्हणजे आत काहीतरी वाईट आहे, ते शोधलं पाहिजे. एक्केचाळीस किलो हाच एक आजार आहे, तो स्वतंत्रपणे उपचार मागतो, हे काही तिच्या मनात आलं नाही. कुपोषण म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर यायची ती एमबीबीएसच्या पुस्तकातली फुगल्या पोटाची मुलं. त्या धड्यावर दोन तास झाले होते आणि परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न आला होता. शारजातल्या वातानुकूलित वॉर्डात, इस्त्रीच्या शर्टातल्या छप्पन्न वर्षांच्या माणसाला तो शब्द चिकटवायचं कुणाला सुचणार?

त्याच दिवशी दुर्बीण घातली. अन्ननलिका खालच्या टोकाला आवळून गेली होती, काडी जाईल एवढीच वाट उरलेली. अस्मितानं तुकडा तपासायला पाठवला, यूनुसना दाखल करून घेतलं आणि ग्लुकोजची सलाइन लावून दिली. गुरुवारी सकाळी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. वर्षानुवर्षं वर येणाऱ्या आम्लानं नळी भाजून भाजून आकसली होती. दुपारी तिनं नळीत फुगा फुगवून ती वाट हळूहळू रुंद केली. नाजूक काम, जरा जास्त ताण बसला तर नळी फाटते. वीस मिनिटांत सगळं नीट पार पडलं. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, मस्त!" आणि तिलाही ते मस्तच वाटलं.

यूनुसची बायको, बदरुन्निसा, आदल्याच दिवशी व्हिजिट व्हिसावर गावाहून पोचली होती. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, हातात सतत रुमाल. सव्वीस वर्षांच्या संसारात नवरा वर्षाला एक महिना बघायला मिळालेली बाई. वॉर्डाबाहेर अस्मितानं तिला गाठलं.

"भाभी, कॅन्सर नाही. वाट मोकळी झालीय."

बदरुन्निसानं अस्मिताचे दोन्ही हात धरले. "बाय गो, तू माझ्या माहेरची निघालीस. खरंच नाही ना?"

"खरंच नाही. आज नुसतं पातळ द्या. उद्यापासून काहीही चालेल, मऊ केलं की झालं. अंगात काही उरलेलं नाही त्यांच्या. आता तुम्ही त्यांना पोटभर खाऊ घाला."

"मी करीन ते चालेल? इथलं त्यांना गोड लागत नाही."

"तुमच्या हातचंच द्या. जितकं जाईल तितकं. पोटभर जेवा म्हणावं."

हे सांगून अस्मितानं कॉम्प्युटरवर आहाराच्या रकान्यात 'फुल डाएट' टाकलं, ग्लुकोज चालू ठेवायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

शुक्रवारी सकाळी ती वॉर्डात डोकावली तेव्हा यूनुस उशीला टेकून बसले होते आणि बदरुन्निसा वाटीतून तांदळाची खीर भरवत होती. भाच्याच्या घरी पहाटे उठून तिनं खीर केली होती, मटण उकळून पातळ यखनी केली होती, आणि गूळ घालून मऊ पेज. यूनुस घास तोंडात घेत, गिळत, आणि घास खाली गेला की थक्क होऊन बायकोकडे बघत. मग पुन्हा तोंड उघडत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान दोघांनाही नव्हतं.

"कसं काय, चाचा?"

"डॉक्टर, भाताला अशी चव असते हे विसरलोच होतो."

दारात उभं राहून अस्मितानं ते डोळे भरून पाहिलं. अशा सकाळींसाठीच आपण डॉक्टर झालो, असं तिला वाटलं.

जुम्म्याचा दिवस, अर्धी ओपीडी, सगळ्यांनाच घाई. अकराच्या सुमारास ती आत दुर्बिणीच्या कामात असताना नर्सनं निरोप दिला, की आहारतज्ज्ञ सत्यभामाचा फोन होता, सत्तावीस नंबरच्या बेडबद्दल, म्हणजे यूनुसबद्दल. "सोमवारी बोलते म्हणावं," अस्मिता हातमोज्यांतले हात न थांबवता म्हणाली. सत्यभामा पेशंटच्या फाइलमध्ये रोज काही ना काही लिहायची. त्या पानाला कॉम्प्युटरवर वेगळी खिडकी होती. मीठ कमी, साखर बंद, प्रथिनं वाढवा असलंच काहीतरी असणार म्हणून अस्मितानं नऊ वर्षांत ती खिडकी फारशी उघडली नव्हती. त्या दिवशीही उघडली नाही.

शनिवार-रविवार तिची सुट्टी. रविवारी दुपारी ती मुलीला, अवनीला, बॅडमिंटनहून घेऊन येत होती तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरचा फोन आला. सत्तावीस नंबरच्या पायांवर सूज आलीय, थोडा दम लागतोय, जरा असंबद्ध बोलतोय. हृदय कमजोर असावं. पाणी कमी करायचं इंजेक्शन दिलंय.

"ईसीजी?"

"थोडा इकडेतिकडे आहे. पण ठीक."

"ओके. सकाळी बघते मी."

"इज समवन डाइंग, मम्मा?" अवनीनं मागच्या सीटवरून विचारलं. तिचा हा नेहमीचाच प्रश्न, अर्ध्या चेष्टेतला.

"नाही गं. एक पेशंट आहे, बरा होतोय," अस्मिता म्हणाली. सिग्नलवरून उजवीकडे हॉस्पिटल होतं. ती सरळ घरी गेली.

सोमवारी सकाळी सत्यभामा वॉर्डाच्या दारातच उभी होती. सत्यभामा कारवारची, त्यामुळे मराठी यायचं. पण दोघींचं बोलणं आजवर लिफ्टमधल्या 'गुड मॉर्निंग'पलीकडे गेलं नव्हतं.

"मॅडम, सत्तावीस नंबरचं फॉस्फेट पाठवलंय का?"

"फॉस्फेट? का?"

सत्यभामानं काही क्षण तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. समोरच्याला खरंच माहीत नाही, हे उमगल्यावर होतो तसा तो चेहरा झाला होता. "आत्ता पाठवा. मॅग्नेशियम पण. आणि आधी थायमिन द्या, प्लीज. ग्लुकोज बंद करा."

अस्मिता आत गेली. यूनुस उथळ, भरभर श्वास घेत होते. हात उचलायचा प्रयत्न करत आणि हात अर्ध्यातून पडे. बदरुन्निसा डबा उघडून बसली होती, पण चमचा हातातच. "बाय, काल रात्रीपासून मला ओळखत नाहीत. बोलतात, गोदामाची चावी दे."

रिपोर्ट यायला चाळीस मिनिटं लागली. पोटॅशियम भलतंच खाली गेलेलं, आणि फॉस्फेट जेमतेम मोजता यावं इतकं. तोवर यूनुसना अतिदक्षता विभागात हलवलं होतं. सलाइनमधून क्षार चालू केले, थायमिन हे जीवनसत्त्व दिलं. पावणेअकराला मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी धावू लागली. छाती दाबली, शॉक दिले, पुन्हा छाती दाबली. अस्मितानं स्वतः दाबली. हाताखाली बरगड्या मोजता येत होत्या. अकरा पंचवीसला तिथल्या डॉक्टरनं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर शारजातच यूनुस हमदुलेंचं दफन झालं.

दुपारी मेडिकल डायरेक्टरनं अस्मिताला बोलावून पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. "चाळीस किलोचा पेशंट, दीड महिना उपाशी. हार्ट बंद पडलं. कोणीही वाचवू शकलं नसतं. खलास, अस्मिता. फाइल नीट पूर्ण करा, फॅमिलीशी जास्त बोलू नका."

फाइल पूर्ण करायला बसल्यावर तिनं ती खिडकी उघडली. शुक्रवार, सकाळी अकरा दहा. सत्यभामानं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, की पेशंट दीर्घकाळ उपाशी आहे, एकदम अन्न देऊ नये, गरजेच्या पाव-अर्ध्या भागापासून सुरुवात करावी, त्याआधी थायमिन द्यावं, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज तपासावं. शेवटच्या ओळीत होतं : डॉक्टरांना फोन केला, प्रोसीजरमध्ये होत्या, निरोप ठेवला.

अस्मिता उठली आणि तळघरात गेली. किचनच्या शेजारी सत्यभामाची खोली होती, हे तिला एका आचाऱ्याला विचारावं लागलं.

"मला समजावून सांग," ती दारातूनच म्हणाली. "अगदी पहिल्यापासून. मला येत नाही असं धरून."

सत्यभामानं खुर्चीवरचे कागद उचलून तिला बसायला जागा केली. "मॅडम, माणूस फार दिवस उपाशी राहिला की शरीर स्वतःलाच खाऊन चालतं. चरबी, मग स्नायू. आतले क्षार संपत येतात, पण रक्तात ते ठीक दिसतात, कारण काम सगळं मंद झालेलं असतं. मग एकदम भात आला, साखर आली, ग्लुकोज आलं, की प्रत्येक पेशी जागी होते आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आत खेचून घेते. हृदयाला काही उरत नाही. म्हणून थेंबाथेंबानं सुरू करायचं. दहा दिवस लागतात."

"त्या दिवशी मी ते पान वाचलं असतं तर?"

सत्यभामा म्हणाली, "सांगता येत नाही. वाचले असते असं मला वाटतं." मग ती म्हणाली, "चूक माझी पण आहे. फोन केला आणि निरोप ठेवून दिला. वर येऊन दार अडवून उभं राहायला हवं होतं. पण मॅडम, इतकी वर्षं कोणी ते पान वाचत नाही म्हटल्यावर आपणच हळूहळू आवाज कमी करतो."

त्या आठवड्यात अस्मिता कामावर गेली, घरी आली, जेवली, आणि काय जेवली ते तिला आठवत नव्हतं. नवऱ्यानं, सुजीतनं, सगळं ऐकून घेतलं आणि तोही डायरेक्टरसारखंच म्हणाला, की मुद्दाम थोडंच केलंस. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

आठव्या दिवशी अर्शचा फोन आला.

"मॅडम, सॉरी, तुम्हाला त्रास देतोय. मामी जेवत नाहीये. पाच दिवस झाले, पाण्याशिवाय काही नाही. मय्यतीला आलेल्या कुणीतरी बाईनं बोलून टाकलं, की उपाशी माणसाला ठोसून खायला घातलंत म्हणून गेला. तेव्हापासून बोलते, माझ्या हातानं मारलं मी त्यांना. इद्दतमध्ये आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळतात ती, घराबाहेर नेता येत नाही. तुम्ही येऊन एकदा सांगा ना, की तसं काही नाही. तुमचं ऐकेल ती."

'तसं काही नाही' हे तीन शब्द सांगणं सोपं होतं. हृदय कमजोर होतं, वेळ आली होती, अल्लाची मर्जी. कुणी पुढे विचारलं नसतं. पण विचारलं नाही तरी ती बाई आतल्या आत तेच घोळवत राहणार, कारण ती मूर्ख नव्हती. तिनं चौथ्या दिवशी सुजलेले पाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

संध्याकाळी ती रोलाजवळच्या अर्शच्या घरी गेली. जाण्याआधी सत्यभामाला फोन करून पाच दिवसांच्या उपवासानंतर काय, किती द्यायचं ते विचारून कागदावर लिहून घेतलं होतं.

बदरुन्निसा आतल्या खोलीत गादीवर भिंतीला टेकून बसली होती. आठ दिवसांत चेहरा निम्मा झालेला. अस्मिता तिच्यासमोर जमिनीवर बसली. अर्श दारात उभा राहिला.

"बाय, तूच सांग," बदरुन्निसाचा आवाज कोरडा पडला होता. "माझ्या खाण्यानं गेले ना ते?"

"अन्नानं गेले, भाभी. पण तो दोष तुमचा नाही. माझा आहे."

अर्श चमकून पुढे आला. अस्मिता थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"इतके दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम जेवायला द्यायचं नसतं. थोडं थोडं द्यायचं, रोज रक्त तपासायचं, आधी एक औषध द्यायचं. हे डॉक्टरला माहीत पाहिजे. मला माहीत नव्हतं. आमच्याकडच्या एका बाईनं ते लिहून ठेवलं होतं, तेही मी वाचलं नाही. तुम्हाला पोटभर खाऊ घाला म्हणून मी सांगितलं. तुम्ही मी सांगितलं ते केलंत. शिवाय हातातून साखरेचं पाणी जात होतं, तेही मीच लावलेलं."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"तुला ठाऊक नव्हतं," बदरुन्निसा सावकाश म्हणाली. "तू एवढी शिकलीस. त्यांच्या घशात फुगा घातलास. आणि उपाशी माणसाला जेवू कसं घालायचं हे तुला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, भाभी."

"मग मला का सांगितलंस?" आता तिचा आवाज चढला. "नाही ठाऊक म्हणायचंस! मी वाटी खाली ठेवली असती. मी त्यांना एकेक चमचा मोजून दिला असता, दहा दिवस, महिनाभर. सव्वीस वर्षं थांबलेली बाई मी, मला घाई कसली होती?"

बदरुन्निसानं तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "जा आता."

दारापाशी अस्मितानं तो कागद अर्शच्या हातात दिला. "पातळ पेज, अर्धी वाटी, दिवसातून पाच वेळा. एकदम जास्त नको. उद्या सकाळी रक्त तपासायला माणूस पाठवते. आणि अर्श, तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. आत्ता बोलले तेच मी तिथंही बोलेन."

अर्शनं कागद घेतला. तिच्याकडे पाहिलं नाही.

तासाभरातच त्याचा मेसेज आला : मामीनं अर्धी वाटी घेतली. एवढंच.

तक्रार झाली. मार्चमध्ये चौकशी बसली. डायरेक्टरनं वकिलाचा सल्ला घ्यायला सांगितलं, तो तिनं घेतला, आणि तरीही जे घडलं ते घडलं तसं लिहून दिलं. निकालात तिच्या नावावर हलगर्जीपणाची नोंद झाली, सहा महिने तिला कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागलं. ज्यांना ती शिकवत असे त्यांच्या सह्या तिच्या कागदांवर होऊ लागल्या. काही सहकारी लिफ्टमध्ये फोन बघू लागले. सुजीत एकदा म्हणाला, "गप्प बसली असतीस तर?" आणि मग स्वतःच गप्प बसला.

सत्यभामाला तिनं राउंडला सोबत घ्यायला सुरुवात केली. तिच्याकडून ती शिकत होती : दंडाचा घेर कसा घ्यायचा, ताटात काय परत गेलं ते का बघायचं, आणि 'भूक कशी आहे' यापेक्षा 'काल काय काय खाल्लंत' हे का विचारायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी वहीत लिहून घेताना सुरुवातीला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. शिकताना तिला जुने पेशंट आठवत. ऑपरेशननंतर जखम न भरलेले, ताप न उतरलेले, ज्यांच्या फाइलवर तिनं 'वय' असं लिहून दिलं होतं. त्यांची गणती आता करता येण्यासारखी नव्हती.

बदरुन्निसाची इद्दत जूनच्या अखेरीस संपली. गावी जाण्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. अस्मिता ओपीडीत होती. पेशंटची माफी मागून ती बाहेर पॅसेजमध्ये आली.

"उद्या निघते, बाय."

"तब्येत कशी आहे, भाभी?"

"जेवते." मग ती म्हणाली, "तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा. जाईल असं वाटत नाही."

"जाऊ नये, भाभी."

"पण तू घरी आलीस ते बरं केलंस. नाहीतर मी स्वतःलाच खात बसले असते." ती पुढे म्हणाली, "आणखी एक सांगायचं होतं. तू बोललीस, अन्नानं गेले, चूक माझी. तुझी चूक तू ठेव. पण त्या जुम्म्याच्या सकाळी ते माझ्या हातची खीर जेवले, डोळ्यांत पाणी आणून जेवले. सव्वीस वर्षांत असे कधी जेवले नव्हते. ती सकाळ माझी आहे. ती मी तुझ्या चुकीत घालू देणार नाही."

"नाही घालणार," अस्मिता म्हणाली.

"चल. अर्श सामान बांधतोय," बदरुन्निसा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पॅसेजमध्ये कुणीतरी स्ट्रेचर ढकलत आलं, अस्मिता भिंतीला सरकून उभी राहिली. स्ट्रेचर गेलं. तिनं डोळे पुसले, आत जाऊन खुर्चीत बसली, आणि समोर थांबलेल्या म्हातारबाबांना विचारलं, "हां, बाबा. काल सकाळपासून काय काय खाल्लंत ते सांगा."